अप्पा आमच्या गल्लीत होते तेव्हा

शनिवारची सकाळ आता पानं उडवणाऱ्या ब्लोअरच्या आवाजानं उजाडते. आधी लांब कुठेतरी एक सुरू होतो, मग दुसरा, आणि आमचे पोहे होईपर्यंत अख्खी गल्ली घोंघावत असते. ओकची पानं गळायला लागली की न्यू जर्सीतल्या आमच्या या भागातली माणसं एवढ्या एका कामासाठी घराबाहेर दिसतात. पानं हिरवळीवरून रस्त्याच्या कडेला ढकलायची, तिथे त्यांचा ढीग करायचा, मग गावाची गाडी येऊन तो ढीग ओढून नेते. दुसऱ्या दिवशी हिरवळ पुन्हा भरलेली.

लोक लांबून गाड्या काढून हे रंग बघायला येतात. मेपल तर असे पेटतात की संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तांबूस उजेड पडतो. सुंदर असतं, यात वाद नाही. पण हे दिवस आले की मला एका जागी बसवत नाही. चहा गार होतो. वर गेले की कशाला आले ते आठवत नाही. संदीप, माझा नवरा, म्हणतो, "तुला दर फॉलमध्ये काहीतरी होतं." मी म्हणते, हवा बदलली की होतं असं. तो पुढे विचारत नाही. त्यालाही ठाऊक आहे की हे आमच्या या घरातल्या पहिल्या फॉलपासूनचं आहे.

त्याआधी आम्ही पिस्कॅटवे गावातल्या अपार्टमेंटमध्ये होतो. तिथे जिन्यात पाऊल टाकलं की कुणाच्या घरी आज काय शिजतंय ते कळायचं. खालच्या मजल्यावरची नागपूरची मैत्रीण गॅलरीतून हाक मारून कोथिंबीर मागायची. संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये मुलांच्या सायकली, कडेला उभ्या आया, ज्याचे आईवडील भारतातून आलेत त्या घरी रोज कुणीतरी टेकायला. जागा अपुरी होती आणि आम्ही सगळे सतत तिथून बाहेर पडायच्या गोष्टी करायचो. मैत्रीण नवऱ्याच्या नोकरीपायी टेक्सासला, अर्विंगला गेली. मग आम्हीही घर बघायला लागलो.

हे घर आम्ही घेतलं ते खालच्या मजल्यावरच्या खोलीमुळे. खोलीला लागूनच बाथरूम, जिना चढायला नको. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि अप्पा विट्याच्या घरात एकटेच होते. मी इथली नागरिक, त्यांची एकुलती एक मुलगी. ग्रीन कार्डाची खटपट आम्ही आधीच सुरू केली होती. अप्पा नाही म्हणाले नाहीत. हो असंही म्हणाले नाहीत. "बघू या," म्हणाले, आणि उन्हाळा संपता संपता एका बॅगेनिशी नेवार्कला उतरले.

अप्पा म्हणजे गुरांचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यात होते, निवृत्त झाले तरी खानापूर तालुक्यातल्या गोठ्यांमधून त्यांची मोटारसायकल फिरायची थांबली नव्हती. आमचा तो मुलूख उघडा. माळ, मध्येच एखादी बाभळ, आणि बाकी सगळं आभाळ. पहिल्या सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, खूश झाले.

"मनू, इथं आभाळ कुठनं दिसतं?" त्यांनी विचारलं.

मी हसले. "अप्पा, लोक या झाडांसाठी या गल्लीत घर घेतात."

"असेल. पण एवढी झाडं, आणि एकालाही खायचं फळ नाही."

आम्ही दोघं कामावर, आमची मुलगी इरा शाळेत. नवी शाळा तिलाही जड जात होती, पण विचारलं की "इट्स फाइन, आई," एवढंच. संदीपला मात्र घर लगेच मानवलं. तो हिरवळीला पाणी घालायचा, दुकानातून बियाणं आणायचा, शेजाऱ्यांकडे बघून हात हलवायचा. मी रविवारी काही ना काही निमित्त काढून पिस्कॅटवेला जायचे. जवळच्या दुकानात भाजी मिळत होती, तरी जुन्याच दुकानातून आणायचे. एकदा तर अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावून नुसतीच बसून आले. आमच्या गॅलरीत दुसऱ्या कुणाची तरी साडी वाळत होती. घरी आल्यावर कुठे गेली होतीस म्हणून कुणी विचारलं नाही, बरं झालं.

अप्पांचा दिवस कसा जात असेल, याची मला धास्तीच होती. मी त्यांना मराठी चॅनेल लावून दिले, फोनवर वर्तमानपत्रं काढून दिली. त्यांनी आठवडाभर ते केलं. मग एक दिवस गॅरेजचं दार उघडून आतली घडीची खुर्ची काढली, ड्राइव्हवेच्या टोकाशी नेली, आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. पायजमा, सदरा, वर संदीपचं जाकीट. दुसऱ्या दिवशीही बसले. रोजच बसायला लागले. संध्याकाळी मी विचारायचे, "आज काय केलंत?" ते म्हणायचे, "कुरिअरच्या गाड्या बघितल्या."

पानांचा रंग बदलायला लागला होता तेव्हाची गोष्ट. मी ऑफिसात असताना संदीपचा फोन आला. गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, एक म्हातारे गृहस्थ रोज तासन्‌तास बाहेर बसलेले असतात, त्यांना काही मदत हवी आहे का, कुणाला माहीत आहे का ते कोण. आणि आता आमच्या घरासमोर पोलिसांची गाडी उभी होती.

मी कशी गाडी चालवत आले मला आठवत नाही. ड्राइव्हवेवर एक तरुण पोलीस उभा होता, अप्पा खुर्चीतून उठून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी एक उंच, वाकलेला म्हातारा होता. त्याच्या हातात पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला एक जाडजूड पिवळट कुत्री जमिनीवर पसरलेली.

"सगळं ठीक आहे मॅडम," पोलीस म्हणाला. "कुणाला तरी काळजी वाटली, म्हणून बघायला आलो."

"मी यांना सांगितलं, हे माझे शेजारी आहेत," तो म्हातारा म्हणाला. "इथेच राहतात. स्वतःच्या घरासमोर बसलेत."

मी त्या माणसाला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तो फ्रँक, आमच्यापासून तिसऱ्या घरातला. शाळेत सुतारकाम शिकवायचा, आता एकटाच. कुत्रीचं नाव मॉली. अप्पा पोलिसाला चहाचा आग्रह करत होते. "टी? टू मिनिट्स," असं दोनदा म्हणाले. तो हसून निघून गेला.

घरात आल्यावर माझा तोल गेला.

"अप्पा, उद्यापासून बाहेर बसू नका."

"का? गुन्हा आहे का?"

"गुन्हा नाही. पण इथं कुणी बसत नाही असं."

"मग दारापुढं एवढी जागा कशाला ठेवतात?"

 मला त्या ग्रुपवरच्या माणसाचा राग आला होता. त्याहून जास्त लाज वाटत होती, आणि लाज कशाची हे नीट सांगता येत नव्हतं. अप्पांना मात्र काहीच लागलं नव्हतं. ते म्हणाले, "पोरगा चांगला होता. महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी गाडी थांबवून माझ्याशी बोललं."

दुसऱ्या दिवशी फ्रँक मॉलीला घेऊन आला आणि अप्पांना फिरायला घेऊन गेला. मग रोजच. आमच्या गल्लीत माणसं कुत्र्यांना घेऊनच बाहेर पडतात, ही गोष्ट मला एवढ्या महिन्यांत दिसली नव्हती. अप्पांना ती दुसऱ्याच फेरीत दिसली. रात्री जेवताना ते एकेकाची ओळख करून द्यायचे. कोपऱ्यावरच्या बाईकडे दोन मांजरं, मुलगी परदेशात. निळ्या दाराच्या घरातल्या माणसाचं ऑपरेशन झालंय, म्हणून त्याचा कुत्रा त्याची बायको फिरवते, तिला तो आवरत नाही. नावं त्यांच्या तोंडात वेगळीच व्हायची. इरा हसत हसत दुरुस्त करायची, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तसंच म्हणायचे. मला वाटतं, मुद्दाम. सगळ्यांनी त्यांना 'डॉक्टर' म्हणायला सुरुवात केली होती.

मी मनात म्हटलं, रुळले. त्या ऑक्टोबरात मी थोडी निवांत झाले असेन तर एवढ्याच काळात.

पण अप्पांचे हात स्वस्थ नव्हते. ते रोज दाताळं घेऊन पानं ओढायचे. इथं पानं जाळायला बंदी, गुरं नाहीत, खत करायचं तर संदीपला त्याचा वास नको. "एवढा पाला, आणि गाडीत घालून न्यायचा," ते पुटपुटायचे. सकाळी ओढलेली जागा दुपारपर्यंत भरायची. एकदा मी खिडकीतून पाहिलं, ते दाताळ्यावर दोन्ही हात ठेवून नुसते उभे होते. वरून पानं पडत होती, त्यांच्या खांद्यावरही. ती झटकायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी दार उघडून "अप्पा, आत या," म्हटलं, तर दचकले.

एका सकाळी मी घरून काम करत होते. दार वाजलं. फ्रँक होता, या वेळी पट्ट्याशिवाय.

"डॉक्टर येतील का जरा? मॉली उठत नाहीये."

अप्पा तसेच सपाता घालून निघाले. मी लॅपटॉप बंद करून मागोमाग गेले. फ्रँकच्या स्वयंपाकघरात, मागच्या दाराशी, घोंगडीवर मॉली पडली होती. अप्पा फरशीवर मांडी घालून बसले, तिच्या पोटावरून, पायांवरून हात फिरवला, डोळे बघितले. त्यांनी वेगळं असं काही सांगितलं नाही. फ्रँकला सगळं माहीतच होतं. तिच्या डॉक्टरणीनं आधीच कल्पना दिली होती, आणि ती दुपारी घरीच येऊन शेवटचं इंजेक्शन देणार होती. फ्रँकला फक्त तोपर्यंत कुणीतरी जवळ हवं होतं.

आम्ही थांबलो. फ्रँकनं कॉफी केली, ती कुणी प्यायली नाही. मागच्या दाराच्या काचेतून त्याच्या अंगणातला उघडा पडत चाललेला ओक दिसत होता. मग त्यानं अप्पांना विचारलं, "तुम्ही हे किती वेळा केलं असेल. त्यांना कळतं का?"

अप्पांनी इंग्रजीत सुरुवात केली. "ॲनिमल..." म्हणाले, आणि थांबले. मग माझ्याकडे वळले.

"हे त्याला तू सांग. म्हणावं, मला माहीत नाही. जन्मभर मी लोकांना सांगत आलो, जनावराला काही कळत नाही, तुम्ही त्रास करून घेऊ नका. तुझी आई शेवटी बोलायची बंद झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरनं मला तेच सांगितलं, यांना आता काही कळत नाही. मी हात धरून बसून राहिलो. शेवटाला तिनं माझं बोट दाबलं. दाबलं, का मलाच तसं वाटलं, ते आता सांगता येणार नाही. म्हणावं, तू हात ठेव."

मी विमानातून उतरून विट्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या दिवसाबद्दल अप्पा माझ्याशी कधी बोलले नव्हते, आणि मी विचारलं नव्हतं. आता मला ते फ्रँकसाठी इंग्रजीत सांगायचं होतं. मी 'माय मदर' म्हणाले, 'हर फिंगर्स' म्हणाले. आईची बोटं कशी होती ते कुठल्याच भाषेत सांगता आलं नसतं. तीन-चार वाक्यांत संपलं. फ्रँक उठला, मॉलीच्या डोक्याशी बसला, आणि तिच्या कानामागे हात ठेवला. डॉक्टरीण आली, तिचं काम झालं, ती गेली, तरी त्याचा हात तिथेच होता.

आम्ही चालत घरी परतलो. पायाखाली पानं चुरत होती.

पुढच्या आठवड्यात जेवताना अप्पा म्हणाले, "संदीप, माझं तिकीट काढ. थंडीच्या आत जातो म्हणतो."

"फिरून यायला?" संदीपनं विचारलं.

"नाही. राहायला."

मी ताट बाजूला सरकवलं. "मॉली गेली म्हणून तुम्हाला असं वाटतंय."

"कुत्रीचा नि माझा काय संबंध? मी आल्या दिवसापासून बघतोय. माझा जीव लागत नाही."

"फ्रँक येतो ना रोज?"

"येतो. लाख माणूस आहे. पण तो आला की मला इंग्रजीत उठावं लागतं, इंग्रजीत बसावं लागतं. दमतो मी."

संदीप समजावत राहिला. एक हिवाळा काढून बघा, फार दिवस बाहेर राहिलात तर ग्रीन कार्ड राहणार नाही, तिकडे रात्री-बेरात्री काही झालं तर कोण आहे. अप्पा सगळ्याला मान हलवत होते. इरा म्हणाली, "आई, ही इज नॉट हॅपी. यू कॅन सी दॅट, राइट?" आणि तिचेच डोळे भरून आले.

मग मी ते बोलले, जे बोलायचं नव्हतं. "अप्पा, हे घर आम्ही तुमच्यासाठी घेतलं."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. "मग चुकलं, मनू. घर आपल्यासाठी घ्यायचं असतं. गॅरेजमध्ये तुझी खोकी अजून तशीच बांधलेली आहेत. मी रोज बघतो."

मी उठून भांडी घासायला लागले. मशीन होतं, तरी हातानं घासत बसले.

नोव्हेंबरात झाडं निष्पर्ण झाली तेव्हा ते गेले. फ्रँक विमानतळापर्यंत आमच्याबरोबर आला. मागच्या सीटवर दोघं शेजारी शेजारी बसले होते, आणि सबंध वाटेत दोघंही खिडकीबाहेर बघत होते. आत जाताना अप्पांनी त्याचा हात धरून इंग्रजीत म्हटलं, "कम टू विटा." फ्रँक म्हणाला, "आय माइट." येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. विमानतळावर सोयीसाठी घेतलेली व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीला अप्पा काहीतरी विचारत होते, तिचं गाव असेल. वळून बघितलं नाही त्यांनी. मी बघत राहिले.

त्या हिवाळ्यात मी खोकी उघडली. हौसेनं नाही. बर्फ पडून सगळे घरात अडकले होते आणि मला काहीतरी उचकटायला हवं होतं. आईनं दिलेली पितळी कढई सापडली, इराचे लहानपणीचे बूट सापडले. आता सगळं जागेवर आहे. तरी अजूनही कधी एखादा डबा शोधताना माझा हात पिस्कॅटवेच्या कपाटाच्या उंचीवर जातो.

गल्लीत लोक मला ओळखतात आता. पण माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. अप्पा परत गेल्यानंतर कितीतरी दिवस कुत्री फिरवणारी माणसं मला बघून थांबायची. डॉक्टर दिसत नाहीत? कसे आहेत? कधी येणार? मला उभं राहून उत्तर द्यावं लागायचं, आणि उत्तर दिलं की त्यांच्या गुडघ्याचं, मुलीचं, नातवाचं विचारावं लागायचं. निळ्या दाराच्या घरातली बाई आपल्या बहिणीला माझी ओळख करून देताना म्हणाली, "ही आपल्या डॉक्टरची मुलगी." लहानपणी विट्याच्या बाजारात मी जनावरांच्या डॉक्टरांची पोरगी होते. तिथून निघण्यासाठी मी जिवाचं रान करून शिकले होते. त्या दिवशी मला हसू आलं, आणि मग दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

अप्पांचं ग्रीन कार्ड आता नसल्यातच जमा आहे. विट्याच्या घरी चुलतभावाचा मुलगा बायकोसह वरच्या मजल्यावर राहायला आलाय, तो लक्ष ठेवतो. मी दरवर्षी जाते. ते बारीक झालेत, मोटारसायकल सुटली, पण कुणी न्यायला आलं तर अजून जातात.

आज सकाळी मी ऑफिसला निघायच्या आधी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होत आलेली. ते कॉटवर बसले होते, मागे आईचा फोटो. पानं पडायला लागली का, असं त्यांनी विचारलं. फ्रँकचं कसं आहे, विचारलं. मी म्हटलं, गुडघा दुखतो, पण चालतो, परवाच तुमची आठवण काढत होता. मग मी विचारलं, "अप्पा, उन्हाळ्यात याल का? नुसतं महिनाभर?"

ते बोलणार तेवढ्यात बाहेरून हाक आली. "डॉक्टर! हायसा का घरात? म्हस उठंना झालीया सकाळधरनं."

"आलो, आलो," अप्पा म्हणाले. त्यांनी फोन कॉटवर ठेवला. पडद्यावर आता छत होतं आणि हळूहळू फिरणारा पंखा. मला त्यांचे प्रश्न ऐकू येत होते. काय खाल्लंय, व्याल्याला किती दिवस झाले, पाणी प्यायली का. त्या माणसाची उत्तरं अर्धवट पोचत होती. मग चपला सरकल्याचा आवाज, काठी, कडी. एक गाडी सुरू झाली आणि लांब गेली.

मी अजून फोनवर आहे, हे ते विसरून गेले होते. संदीप दारातून म्हणाला, "तुला उशीर होतोय." मी हो म्हटलं. विट्याच्या रिकाम्या खोलीत पंखा फिरत होता, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, वरच्या मजल्यावर असेल. मी गाडीची किल्ली हातात घेऊन तशीच उभी राहिले. फोन बंद केला नाही.